स्पर्धा रद्द झाली, पैसा कुठे गेला?

(जिवती येथील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'खेळ, पर्यावरण आणि प्रायोजक' असा छापला आहे. तो वाचून मघाशी मागच्या रांगेतल्या एका मावशींनी शेजारणीला विचारलं, "प्रायोजक म्हंजे कोन वं?" शेजारीण म्हणाली, "बॅनरवर ज्याचा फोटो राहते तो." माझ्या दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू.च्या शिक्षणात याहून नेमकी व्याख्या मला कोणी दिली नव्हती. तीच धरून पुढे जाऊ. बॅनरवर ज्याचं नाव असतं तो प्रायोजक. आणि आजचा प्रश्न असा, की बॅनर बांधायचं मैदानच तापलं, आटलं किंवा धुरात बुडालं, तर तो काय करतो?

तुम्ही म्हणाल, स्त्रियांच्या शिबिरात हा विषय कशाला? हुंडा, मारहाण, रेशन, वनहक्काचे दावे एवढं सगळं पुढ्यात असताना कबड्डीच्या पैशाचा हिशेब कशाला? याचं उत्तर मी भाषणाने देण्यापेक्षा आपल्याच डोंगरावर काय घडलं ते सांगते.

आपला तालुका माणिकगडच्या डोंगरावरचा. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि होळी झाली की विहिरी तळाला जातात. कोलाम, गोंड, बंजारा, मराठवाड्यातून दुष्काळात वर आलेली दलित कुटुंबं, सगळ्यांच्या बाया एकाच विहिरीच्या काठावर उभ्या असतात. चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्यं हक्क सांगतात, तिथे कार्डं दोन-दोन आहेत, मतदान दोन-दोन आहे, पण पाणी दोघांकडूनही पुरेसं नाही. अशा एका गावात आम्ही मुलींची कबड्डी ठेवली होती. गावाचं नाव मी सांगत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. चौदा संघ, संघात बारा मुली. तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली, कारण कापूस निघाल्याशिवाय मुली मोकळ्या होत नाहीत आणि परीक्षा संपल्याशिवाय शाळा सोडत नाही.

कबड्डीचं मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नाही. माती टाकावी लागते, खडे वेचावे लागतात, पाणी मारून, चोपून ती घट्ट करावी लागते. नाहीतर पोरींचे गुडघे सोलून निघतात. शिवाय दीडशेच्या वर मुली दोन दिवस राहणार, त्यांच्या पिण्याचं, आंघोळीचं, स्वयंपाकाचं पाणी. आणि पाळी आलेल्या मुलींना संडास-न्हाणीला लागणारं पाणी, जे कुठल्याही स्पर्धेच्या अंदाजपत्रकात मी कधी लिहिलेलं पाहिलेलं नाही. त्या वर्षी विहीर आठवडाभर आधीच आटली. टँकर येत होता, तोही दिवसाआड. गावातल्या बायांनी बैठक बोलावली. एक बाई उभी राहून म्हणाली, "ताई, मैदानाले पानी माराचं म्हणता, ते आनाचं कोनं? आमीच ना?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. स्पर्धा रद्द करण्याचा ठराव झाला. तो बायांनी केला, आणि ज्यांच्या मुली खेळणार होत्या त्यांनीही त्याला हात वर केला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तालुक्याला गोष्ट अशी पसरली की 'बायांना साधी स्पर्धा घेता आली नाही'.

आता प्रायोजकांकडे येऊ. आमचे तिघे होते. एक खाली मैदानी भागातली मोठी कंपनी, एक पतसंस्था आणि एक कृषी केंद्राचा दुकानदार. पतसंस्थेने सांगितलं, पैसे खात्यात राहू द्या, पुढच्या वर्षी वापरा. दुकानदाराने टी-शर्ट आधीच शिवून आणले होते. तो म्हणाला, माझं नाव छापलंय, आता ते मी कोणाला घालू, वाटून टाका. पोरी वर्षभर ते टी-शर्ट घालून शेतात जात होत्या. दुकानदाराची जाहिरात स्पर्धेपेक्षा जास्त झाली असेल! कंपनीकडून मात्र पहिला फोन आला तो 'बॅनर किती आणि कुठे लागणार होते' हे विचारायला. दुसरं आलं ते पत्र. कार्यक्रम न झाल्याने दिलेली आगाऊ रक्कम परत करावी. आम्ही मंडपवाल्याला, पंचांना, माती टाकणाऱ्या ट्रॅक्टरला काही पैसे देऊन बसलो होतो. ते बचतगटाच्या खात्यातून उचलून भरले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस खालच्या एका गावात त्याच कंपनीच्या नावाने टेनिस बॉल क्रिकेटचा चषक झाला. मुलांचा. रात्रीच्या उजेडात. त्या मैदानावर पाणी मारलं गेलं, ते टँकरनेच.

त्यावर आमच्या संघातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "ताई, पोरांची कधी रद्द होते का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नासाठी मी इथे उभी आहे. मुलांची स्पर्धा पुढे ढकलली जाते, मुलींची रद्द होते. आणि मुलींसाठी पुढे ढकलणं म्हणजेसुद्धा बहुतेक वेळा रद्दच. एप्रिलची स्पर्धा पुढच्या एप्रिलला नेली तर त्या बारा जणींतल्या किती जणी गावात असतील? आमच्या त्या संघातल्या चौघींची लग्नं मधल्या वर्षात झाली. त्यातल्या दोघींचं वय काय होतं ते मी या माइकवरून सांगत नाही, ते प्रकरण वेगळं चालू आहे.

हे फक्त आपल्याच डोंगरावर घडतं असं मात्र समजू नका. आता थोडं मोठ्या मैदानांकडे पाहू. २०१६ चा उन्हाळा आठवा. राज्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी दुष्काळ होता. लातूरला मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई, पुणे आणि आपल्या नागपुरात आयपीएलचे क्रिकेट सामने होणार होते. लोकसत्ता मूव्हमेंट नावाच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिन्ही मैदानांना मिळून सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा आकडा तेव्हा चर्चेत होता. १३ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुढे १ मेचा पुण्याचा एक सामना तेवढा होऊ दिला. क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथेही दाद मिळाली नाही. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगलोरला झाला.

आता यात पैसेवाल्यांनी काय केलं ते पाहा, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. सुरुवातीला सांगितलं गेलं की राज्याचं शंभर कोटींचं उत्पन्न बुडेल. मग न्यायालयात सांगितलं गेलं की मैदानावर पिण्याचं पाणी वापरणार नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. मग मुंबई आणि पुण्याचे संघमालक मुख्यमंत्री निधीला प्रत्येकी पाच कोटी रुपये द्यायला तयार आहेत, असं सांगण्यात आलं. म्हणजे आधी धाक, मग तोडगा, मग दान. हा क्रम लक्षात ठेवा. दान सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही न्यायालयाची मान हलेना तेव्हा. दुष्काळ तर त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

आणि सामने हलल्यावर मोठ्या प्रायोजकांचं काय नुकसान झालं? फारसं नाहीच. त्यांनी मैदान विकत घेतलेलं नव्हतं, टीव्हीचा पडदा विकत घेतला होता. बंगलोर काय, विशाखापट्टणम काय, पडद्यावर पाटी तीच दिसते. नुकसान झालं ते स्टेडियमबाहेर टोप्या, पाणी आणि वडापाव विकणाऱ्यांचं. याचा अर्थ सामने इथेच ठेवायला हवे होते असं मी म्हणत नाही. लातूरच्या बाया रात्री दोन वाजता घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना हिरवळ भिजवायची नव्हती, हे मला आजही पटतं. पण भरपाईची यादी करताना त्या टोपीवाल्याचं नाव कोणी लिहिलं नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवते.

दुसरी गोष्ट दिल्लीची. नोव्हेंबर २०१७. हवेत इतका धूर की शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आणि १९ तारखेला अर्धमॅरेथॉन. डॉक्टरांच्या संघटनेने, इंडियन मेडिकल असोसिएशनने, शर्यत घेऊ नका असं सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने थांबवलं नाही आणि शर्यत झाली. हजारो माणसं तोंडाला मास्क लावून धावली. पण त्या शर्यतीला जिचं नाव होतं त्या एअरटेल कंपनीने एक वेगळी गोष्ट केली. तिने जाहीर केलं की हवेच्या प्रश्नावर सरकारी यंत्रणांनी तातडीने काही केलं नाही तर पुढच्या वर्षीपासून आम्ही या शर्यतीशी नाव जोडण्याचा पुन्हा विचार करू. पुढच्या वर्षी शर्यत नोव्हेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये, धूर दाटण्याच्या आधी ठेवली गेली आणि कंपनीचं नाव कायम राहिलं. दिल्लीची हवा काही सुधारली नाही. तारीख तेवढी सरकली. तरी मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रायोजकाला अट घालता येते. 'पैसे परत द्या' एवढीच अट असते असं नाही, 'हवा नीट करा' हीसुद्धा अट असू शकते. फक्त ती घालायची इच्छा हवी. २०२२ पासून त्या शर्यतीला वेदांताचं नाव लागलं, म्हणजे खाणी आणि धातूंच्या धंद्यातली कंपनी. यावर मी काही बोलत नाही, आपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया आहोत, आपल्याला कळतं.

एक उदाहरण परदेशातलं. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्कला सँडी नावाचं वादळ आलं. पाच-सहा दिवसांवर तिथली मॅरेथॉन होती. महापौर म्हणत होते शर्यत होणार. लोक संतापले, कारण ज्या स्टेटन आयलंडवरून शर्यत सुटते तिथे घरं वाहून गेली होती, वीज नव्हती, आणि शर्यतीच्या तंबूंसाठी मात्र जनरेटर उभे होते. दोन दिवस आधी शर्यत रद्द झाली. आयोजक संस्था, एक जुनं देणगीदार कुटुंब आणि मुख्य प्रायोजक असलेली आयएनजी ही वित्तसंस्था यांनी मिळून २६ लाख डॉलरचा मदतनिधी जाहीर केला, त्यात प्रायोजकाचे पाच लाख डॉलर होते. शेकडो धावपटू पाठीवर सामान बांधून त्याच बेटावर मदतीला गेले. पुढच्या वर्षीही शर्यतीला त्याच प्रायोजकाचं नाव होतं. बघा, तिथेही आधी लोकांना ओरडावंच लागलं. पण रद्द झाल्यावर पैसा ज्यांच्या अंगणात शर्यत होणार होती त्यांच्याकडे वळला, हा मुद्दा आपल्या कामाचा. आपल्याकडेही २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा मुंबईतल्या काही मोठ्या दहीहंड्या रद्द झाल्या आणि तो पैसा पूरग्रस्तांसाठी देऊ असं आयोजकांनी जाहीर केलं होतं. म्हणजे हे आपल्या मातीत न बसणारं काही नाही.

आता आपण आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. इथे प्रायोजक म्हणून कोण येतं? कोळसा, सिमेंट, वीज, कागद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांचं प्रदूषण मोजलं तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर आलं, १०० पैकी ८३.८८ गुण. परीक्षेत एवढे गुण आपल्या पोरींना मिळाले असते तर हार घातले असते! त्यानंतर २०१० मध्ये नव्या आणि वाढीव प्रकल्पांवर काही काळ बंदीही आली होती. उन्हाळ्यात इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेव्हा 'नैसर्गिक आपत्तीमुळे कार्यक्रम रद्द' असं पत्र येतं त्यातला 'नैसर्गिक' हा शब्द मी दोनदा वाचते. पाऊस कमी पडला हे नैसर्गिक. खाणीतला पाण्याचा उपसा, रस्त्यावरची धूळ, तोडलेलं जंगल हे कोणी केलं? ज्याच्या नावाचं बॅनर, त्याचीच धूळ त्या बॅनरवर बसलेली असेल तर त्याने 'दैवी आपत्ती'चं कलम दाखवून पैसे परत मागणं मला तरी शोभणारं वाटत नाही.

रद्द करण्याबद्दल एक शब्द. रद्द करणं म्हणजे हार नव्हे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, लाखो माणसं उघड्यावर बसली आणि उष्माघाताने १४ जणांचे जीव गेले. त्यानंतर सरकारने उन्हाच्या लाटेत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असं सांगितलं. मोठा मंडप, मोठे पाहुणे, एवढा खर्च झालेला, आता मागे कसं फिरायचं, या विचारात माणसं मरतात. आपल्या त्या गावच्या बायांनी वेळेत 'नाही' म्हटलं. त्याची शिक्षा बचतगटाच्या खात्याला व्हायला नको होती.

आता कायद्याकडे. घाबरू नका, थोडक्यात सांगते. १८७२ चा करार कायदा आजही चालतो. त्याचं ५६ वं कलम म्हणतं, की करार केल्यावर ते काम करणं अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो. आणि ६५ वं कलम म्हणतं, की करार असा रद्दबातल झाला तर ज्याने त्यातून लाभ घेतला त्याने तो परत करावा. कंपन्या पैसे परत मागतात ते याच जोरावर. पण दोघांनी आधीच कागदावर काय करायचं ते लिहून ठेवलं असेल तर तो कागद आधी बघितला जातो. आपल्या मंडळांकडे कागदच नसतो. असते ती साहेबांच्या खोलीतली चहाची कपबशी आणि 'बघू, करू' हे शब्द.

दुसरा कायदा २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, त्यालाच सगळे सीएसआर म्हणतात. जिथे कंपनी काम करते त्या भागाला त्यात प्राधान्य द्यायचं आहे. सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. आता गंमत ऐका. केंद्र सरकारने जून २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. आणि २०२१ पासूनचे नियम सांगतात की स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व हे सामाजिक काम नव्हेच. म्हणजे दोन दिवसांचा चषक आणि चार बॅनर ही जाहिरात आहे. तिला जाहिरातच म्हणायचं, उपकार म्हणायचं नाही. आणि सामाजिक निधीतून मागायचं असेल तर स्पर्धा मागू नका, प्रशिक्षण मागा. वर्षभराची प्रशिक्षक, शक्यतो बाईच, बूट, गुडघ्याचे पट्टे, सकाळचा खाऊ. एका दिवसाचा कार्यक्रम एका आटलेल्या विहिरीने रद्द होतो. वर्षभराचा सराव एका विहिरीने रद्द होत नाही. मे २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच मुलं एव्हरेस्टवर चढली, त्यात एक मुलगी होती, आदिवासी विकास विभागाने त्यावर खर्च केला होता. ती चढली ती कित्येक महिन्यांच्या तयारीमुळे, कोणाच्या चषकामुळे नव्हे.

पाण्यासाठी तर वेगळा पैसा आहे. खाणींच्या जिल्ह्यात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणमालकांकडून त्यात रक्कम जमा होते, आणि पिण्याचं पाणी हे त्यातलं प्राधान्याचं काम आहे. ग्रामसभेचा ठराव करून ते मागता येतं. मैदानाशेजारच्या विहिरीचं खोलीकरण किंवा पावसाच्या पाण्याची टाकी मुलींच्या खेळाच्या नावाने मागितली तर कोणी हसेल. हसू द्या.

आम्ही यंदा एक पत्र तयार केलं आहे, एकच पान. त्यात लिहिलं आहे की रद्द करण्याचा अधिकार आयोजक गावाच्या महिला सभेचा राहील. उन्हामुळे, पाण्याअभावी, पुरामुळे किंवा धुरामुळे स्पर्धा रद्द झाली तर तोवर झालेला खर्च परत मागता येणार नाही. उरलेली रक्कम त्याच गावात, त्याच मुलींच्या सरावासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी वापरली जाईल, आणि हिशेब एका महिन्यात दिला जाईल. मुलींसाठी ठरलेली रक्कम मुलांच्या स्पर्धेकडे वळवता येणार नाही. शेवटच्या वाक्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. काही जणी म्हणाल्या, एवढं लिहिलं तर कोणी पैसेच देणार नाही. असू शकेल. पतसंस्थेने सही केली. दुकानदाराने सही केली आणि विचारलं की यंदा टी-शर्टवर नाव पाठीवर घेऊ का, पुढून कळकट होतं. कंपनीच्या साहेबांनी पत्र 'वर पाठवलं' आहे.

तारीख आम्ही एप्रिलमधून काढून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आणली आहे. कापसाची शेवटची वेचणी मध्ये येते, त्यामुळे काही घरांत जाऊन आई-बापांशी बोलावं लागणार आहे. कोणत्या गावात कोण जाणार ते जेवणानंतर ठरवू. पत्राच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, एका गटाने एकच घ्या, झेरॉक्स खाली गडचांदूरलाच मिळते. आणि सोमवारी कंपनीच्या कार्यालयात जायला मला दोघीजणी हव्या आहेत, त्यांतली एक कबड्डी खेळणारी हवी.